तहसीलदाराची रजा

पांढुर्ण्याच्या घरी मी शिकायला गेले तेव्हा तिथं तिघं राहत होती. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ म्हणजे मोठे बाबा, त्यांची बायको म्हणजे मोठी आई, आणि तहसीलदार. तहसीलदार हा बोकड होता. काळाकुळकुळीत, एक कान पांढरा, हनुवटीला दाढी, आणि चालताना छाती अशी पुढं की समोरच्यानं आपोआप बाजूला व्हावं. नाव मोठ्या आईनं ठेवलेलं. "सकाळपासून दारात अर्जवाले उभे रायतात, आन याची मर्जी झाली तं पाहते, नाही तं नाही," ती म्हणायची. "मंग दुसरं काय म्हणू त्याले?" अर्जवाले म्हणजे बकऱ्या घेऊन आलेले लोक. बकरी माजावर आली की आसपासच्या खेड्यांतून माणसं तिला आमच्या दारी आणायची आणि ओट्यावरूनच विचारायची, "तहसीलदार साहेब आहेत का घरी?" एकदा नव्यानं बदलून आलेल्या पोस्टमननं हे ऐकलं आणि चपला काढून, टोपी सारखी करून आत आला होता.

माझे आईवडील तिगावला शेतीवर होते. सोमवारी सकाळी मी पॅसेंजरनं पांढुर्ण्याला यायची आणि शनिवारी दुपारी परत जायची. कधी कधी माझ्याच डब्यात तिगावची एखादी बकरी असायची, आणि तिचा मालक भरल्या डब्यात मोठ्यानं विचारायचा, "काहो बाई, तहसीलदार मोकळा आहे ना आज?" मी अकरावीत, सतरा वर्षांची. खिडकीबाहेर पाहत बसण्याशिवाय माझ्या हाती काही नसे. या गोष्टींची लाज वाटून घेणं मी नंतर कायमचं सोडलं, ते याच घरात.

घर रेल्वे लाइनच्या मागं होतं. मालगाडी निघाली की फळीवरची भांडी वाजायला लागायची आणि मोठी आई बोलता बोलता थांबायची. चाळीस-पन्नास डबे निघून जायचे, आणि ती बरोबर त्याच शब्दापासून पुढं सुरू करायची. दिवसभर लांबून जिनिंगच्या मशिनांची घरघर यायची. मोठे बाबा तिथंच कापसाच्या काट्यावर कारकून होते. संध्याकाळी ते आले की जेवण. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीच्या भाजीवर लसणाचं तेल, आणि आठवड्यातून एकदा बेसनाच्या पाटोडीचा झणझणीत रस्सा. या सगळ्यावर तहसीलदाराचा वास. ज्यांनी पैदाशीचा बोकड पाळला नाही त्यांना तो वास सांगून कळायचा नाही. माझ्या वह्यांना यायचा, वेणीला यायचा. वर्गात माझ्या बाकावर मी एकटीच ऐसपैस बसायची.

मोठ्या आईला मूल नव्हतं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. हे कोणी तोंडावर बोलत नसे आणि कोणी विसरतही नसे. आळीत बारसं असलं की ती सकाळपासून तिथं राबायची, शंभर माणसांचा स्वयंपाक एकटी उचलायची. पाळण्याची वेळ आली की मात्र "बोकड्याले पाणी पाजायचं आहे" म्हणून निघून यायची. कोणी तिला थांबवत नसे. मी एकदा घरी होते तेव्हा पाहिलं, बोकडासमोरची बादली काठोकाठ भरलेली होती. ती नुसतीच त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती.

त्या वर्षी आषाढात बकऱ्यांची रीघ लागली. आसपासचा दुसरा चांगला बोकड कुठल्याशा रोगानं मेला होता, त्यामुळं त्याचंही काम आमच्याकडं आलं. दिवसाला आठ-आठ, दहा-दहा बकऱ्या. लोक ज्वारी आणायचे, तूर आणायचे, सौंसरच्या किसनरावांनी तर बसच्या टपावरून लिंबांचं पोतं आणलं. मोठी आई खूश. सगळं नीट चाललंय असं वाटत होतं, आणि तीन आठवडे झाल्यावर बकऱ्या परत यायला लागल्या. आमच्याकडं म्हणतात, बकरी उलटली. म्हणजे गाभण राहिली नाही, पुन्हा माजावर आली. आधी दोन, मग पाच, मग रोजच.

मोठ्या बाबांनी पहिले काही दिवस तहसीलदाराची बाजू घेतली. ओट्यावर बसून ते येणाऱ्याला सांगायचे, "बोकड्या तं पाहूनच राहिले तुमी, वाघ आहे. तुमच्या बकरीतच खोट असन." असं म्हटलं की आत मोठ्या आईच्या हातातली भाकर थापायची थांबायची. मालगाडी वगैरे काही नसायची तेव्हा.

मग किसनराव स्वतः आले. उंच, घोगऱ्या आवाजाचे, संत्र्याच्या बागेचे मालक. त्यांच्या चारही बकऱ्या उलटल्या होत्या. "चारही वांझ कशा असतीन हो?" ते ओट्यावर उभं राहूनच ओरडले. "तुमचा तहसीलदार नुसता सही करते, हुकूम निघत नाही!" आळी हसली. मोठे बाबा हसले नाहीत. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, "पोळ्याच्या करीले खाटकाले देऊन टाकू. तेवढा तरी कामी येईन." कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, आणि पोळ्याला महिनाही उरला नव्हता. मोठ्या आईनं दुसरी भाकर घेतली नाही.

माझ्या पुस्तकात त्या वेळी शुक्राणूचं चित्र होतं. डोकं, मान, शेपूट. मी मोठ्या आईला ते दाखवलं आणि म्हटलं, शाळेत सूक्ष्मदर्शक आहे, आपण पाहू शकतो. ती चित्राकडं बराच वेळ पाहत राहिली. "हे एवढुसं असते?"

"याहून लहान. डोळ्याले दिसतच नाही."

"मंग पाहूच."

दुसऱ्या दिवशी एक बकरी तहसीलदाराकडून लागून झाल्यावर तिच्या मागून ओघळलेला थेंब मोठ्या आईनं ड्रॉपरनं उचलून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घातला, आणि मी ती घेऊन शाळेत पळाले. जीवशास्त्राच्या दुबे मॅडम बैठकीला गेल्या होत्या. प्रयोगशाळेची किल्ली मला मिळायची. कांद्याच्या पापुद्र्याला आम्ही नेहमी करायचो तसंच मी केलं. काचेवर पाण्याचा थेंब, त्यात हा थेंब, वर झाकणकाच. डोळा लावला. एकही शुक्राणू पोहत नव्हता. आणि बहुतेकांच्या शेपट्या वळलेल्या. कुणाची आकड्यासारखी, कुणाची जिलबीसारखी. पुस्तकातल्यासारखी सरळ शेपूट शंभरात फार थोड्यांची.

घरी येऊन मी खरं तेच सांगितलं. सगळे वाकडे आहेत. मोठ्या बाबांनी "झालं मंग" एवढंच म्हटलं आणि संध्याकाळी खाटकाला जाऊन सांगून आले. मी तहसीलदाराच्या खुंट्याशी जाऊन बसले. तो माझ्या ओढणीचं टोक चघळत होता. सतरा वर्षांच्या मुलीला न्यायाधीश केलं आणि तिनं पहिल्याच दिवशी फाशी सुनावली, असं ते मला वाटत होतं. आजही वाटतं. पुढं आयुष्यभर प्रयोगशाळेत काढून, केस पांढरे करून मी निवृत्त झाले, पण कुठलाही निकाल लिहून देण्याआधी माझा हात थोडा थांबायचा, तो त्या संध्याकाळमुळं.

दोन दिवसांनी दुबे मॅडम परत आल्या. त्या जबलपूरकडच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, आवाज बारीक पण शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मी रडवेली होऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून एकच विचारलं, "किसमें डाला था?"

"पानी में, मॅडम."

"नल का पानी?"

"हां."

मॅडम हसायलाच लागल्या. मग मला समोर बसवून त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर कितीतरी वर्षं कितीतरी विद्यार्थ्यांना सांगितलं, पण त्यांच्याइतकं सोपं मला कधी जमलं नाही. शुक्राणू खारट, दाट द्रवात राहणारा जीव. त्याला साध्या पाण्यात टाकलं की पाणी त्याच्या आत घुसतं. तो फुगतो. डोक्याला फारशी जागा नसते, म्हणून शेपटीची कातडी फुगते आणि आतली शेपूट त्या फुग्यात गुंडाळते. "पण कोणाची गुंडाळते?" मॅडमनी बोट वर केलं. "जिसकी खाल साबूत है. ज्याची कातडी फाटली, जो मेलेला आहे, त्यात पाणी कोंडलंच जात नाही. त्याची शेपूट सरळची सरळ राहते." त्या माझ्याकडं वाकल्या. "तू जिन्हें टेढ़ा कह रही है, बेटा, वो सब तो ज़िंदा थे. पाण्यात टाकलेस तेव्हा जिवंत होते."

मी घरापर्यंत पळत गेले. मालगाडी आडवी होती, फाटक बंद होतं, ते पन्नास डबे संपेपर्यंत माझा जीव जात होता.

दुसऱ्या वेळचा नमुना मोठी आई स्वतः घेऊन आली. मॅडमनी बजावलं होतं की थंड झाला तर मरतील, अंगाच्या उबेत आणा. तिनं बाटली काखेत धरली आणि भर सकाळी, लुगड्याचा पदर घट्ट आवळून, एक हात अंगाला चिकटवून गावातून चालत शाळेत आली. फाटकात मुख्याध्यापक उभे होते. त्यांनी नमस्कार केला. मोठ्या आईनं एकाच हातानं नमस्कार केला. "हात दुखते काय हो?" त्यांनी काळजीनं विचारलं. "नाही सर," ती म्हणाली, "हातात जीव आहे." ते काही कळल्यासारखं करून बाजूला झाले.

या वेळी मॅडमनी औषधाच्या दुकानातून सलाइन आणवून कोमट करून ठेवलं होतं. त्या थेंबात त्यांनी नमुना मिसळला आणि आधी स्वतः पाहिलं. बराच वेळ. मग मला पाहू दिलं. काय सांगू! सगळी काच हलत होती. पण नीट पाहिल्यावर एक गोष्ट दिसली, ती मॅडमनी दाखवली म्हणून. अनेकांच्या मानेशी एक बारीकसा थेंब चिकटलेला होता, पोराच्या गळ्यात ताईत बांधावा तसा. आणि तसे जे होते ते नीट पोहत नव्हते. जागच्या जागी थरथरत होते, काहींच्या शेपट्या सलाइनमध्येही मुडपलेल्या.

"ये कच्चे हैं," मॅडम म्हणाल्या. मोठ्या आईसाठी त्या मुद्दाम हळू बोलत होत्या. शुक्राणू तयार होतो तेव्हा त्याला पोहता येत नाही. वृषणाशेजारी एक बारीक नळी गुंडाळलेली असते, अधिवृषण म्हणतात तिला. उलगडली तर या शाळेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईल. त्या नळीतून सरकत सरकत जाताना दहा-बारा दिवसांत तो पिकतो. मानेवरचा थेंब खाली उतरून गळून जातो, अंगात पोहायची ताकद येते, आणि अजून एक शहाणपण येतं. नळीतला द्रव दाट असतो, बाहेरचा त्याहून पातळ. बाहेर पडल्याबरोबर अंगात पाणी शिरायला लागतं. पिकलेला असतो तो आतले क्षार बाहेर टाकतो, त्यांच्यामागं पाणीही निघून जातं, आणि अंगाचा आकार राखतो. कच्च्याला ते जमत नाही. तो फुगतो, शेपूट मुडपते, आणि बकरीच्या पोटातली वर जायची वाट त्याला चढता येत नाही. "दिवसाला दहा बकऱ्या लावल्या तर नळीत पिकायला वेळच कुठे मिळणार?"

मोठी आई सूक्ष्मदर्शकावर वाकलेलीच होती. एक डोळा मिटायचा असतो, ते तिला जमत नव्हतं, म्हणून पदरानं झाकून घेतला होता. "म्हणजे हिरवी संत्री तोडून मंडीत नेऊन राहिलो आपण," ती म्हणाली.

"बिलकुल!"

"मंग झाडाले काय दोष." ती सरळ उभी राहिली. मग तिनं विचारलं, आवाज एकदम लहान करून, "मॅडम, माणसाचंही असंच पाहता येते काय यातून?"

दुबे मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "येतं," त्या या वेळी निव्वळ मराठीत म्हणाल्या. "आधी तेच पाहायचं असतं. फक्त कोणी आणत नाही."

मला तेव्हा तो प्रश्न पूर्ण कळला नव्हता. नंतर मी जिथं काम केलं तिथं सासूबरोबर आलेल्या कितीतरी सुना पाहिल्या, हातात तपासण्यांची जाड फाइल, आणि नवरा बाहेर मोटरसायकलवर बसलेला. प्रत्येक वेळी मला पदरानं एक डोळा झाकून उभी असलेली मोठी आई आठवली.

त्या रात्री जेवायला बसल्यावर तिनं सांगून टाकलं. तहसीलदार पंधरा दिवस रजेवर. एकही बकरी नाही. हरभरा, तुरीचा पाला आणि आराम. मोठे बाबा म्हणाले, "पंधरा दिवसानं तं पोळा उलटून जाईन. खाटकाले शब्द देला मी."

"मंग शब्द वापस घ्या."

"लोकं काय म्हणतीन?"

मोठ्या आईनं वाढायची पळी वरणात ठेवली. मी तिला इतक्या सरळ आवाजात बोलताना आधी ऐकलं नव्हतं. "पयले बकऱ्याइले वांझ म्हटलं. मंग बोकड्याले म्हटलं. दोघंही वांझ नव्हते. यापुढं या घरात तपासल्याबिगर कोणाले नाव ठेवायचं नाही."

फळीवरची भांडी शांत होती. मोठे बाबा ताटावरून उठले. मग हात धुऊन, चपला घालून खाटकाकडं गेले.

ते पंधरा दिवस आळीनं आमची फार थट्टा केली. "तहसीलदार साहेब दौऱ्यावर गेले काय?" "साहेब आजारी पडले काय?" मोठी आई दारात बसून बकऱ्या परत पाठवायची आणि सांगायची, "मेडिकल लीव्ह आहे." शब्द मी शिकवला होता. तहसीलदाराला मात्र ही रजा अजिबात मंजूर नव्हती. बकरीचा आवाज ऐकू आला की तो खुंटा उपटायला बघायचा आणि ओठ वर करून असा ओरडायचा की जिनिंगचा भोंगा झाल्यासारखं मोठे बाबा घड्याळ पाहायचे. पोळा आला. बैल सजले, तोरण तुटलं, करीच्या दिवशी घरोघरी मटणाचा वास सुटला, आणि आमच्याकडं मोठ्या आईनं पाटोडीचा रस्सा केला. तहसीलदार अंगणात हरभरे खात होता.

रजा संपल्यावर आम्ही पुन्हा एक थेंब पाहिला. ताईतवाले अगदी थोडे होते. बाकीचे असे सुटले होते की काचेच्या एका कडेनं शिरून दुसऱ्या कडेनं निघून जायचे. त्यानंतर मोठ्या आईनं दिवसाला दोनच बकऱ्यांचा नियम केला आणि मला एका जुन्या वहीत नावं लिहायला बसवलं. तीन आठवडे आम्ही दाराकडं कान लावून होतो. कोणी परत आलं नाही. एक जण आला, तो दुसरी बकरी घेऊन.

मला मात्र तेव्हापासून एक गोष्ट सुटेना. तो एवढासा जीव, त्याला कसं कळतं की पाणी आत येतंय? कुठलं दार उघडून तो ते बाहेर काढतो? मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, मला माहीत नाही, तू शोध. मी नागपूरला गेले, पुढं आणखी लांब गेले, आणि नोकरीची सगळी वर्षं त्याच दारांमागं घालवली. काही दारं सापडली. काही अजून सापडायची आहेत. आता माझ्या विद्यार्थिनी शोधताहेत आणि काही मिळालं की मला फोन करतात.

संक्रांतीच्या आसपास बकऱ्या व्यायला लागल्या. रजेनंतर पुन्हा आणलेल्या किसनरावांच्या चार बकऱ्यांना सात पिल्लं झाली. ते सौंसरहून पहिल्या बसनं आले, बागेतली संत्री टोपलीभर घेऊन, आणि ओट्यावर बसून गडगडाटी हसत म्हणाले, "आता माफी मागतो बापा. मी तं मागं रागारागात चारही बकऱ्या वांझ म्हणून बाजारात उभ्या केल्या होत्या. थोडक्यात वाचल्या!"

आळीतले दोघं-तिघं जमले होते. मी दारात उभी राहून संत्रं सोलत होते. मोठी आई आत चहा ठेवत होती. मोठे बाबा इतका वेळ नुसते मान हलवत होते. मग ते बोलले, संत्र्याच्या टोपलीकडं पाहत.

"किसनराव, बोकड्याचं महिन्या-दीड महिन्यात तपासून झालं. माणसाचं बावीस वर्षं झालं नाही. हिले छिंदवाड्याले नेलं, नागपूरले नेलं. तिथला डॉक्टर म्हणे, पुढच्या खेपेले मालकाचंही तपासू. त्यानंतर मी गेलोच नाही." त्यांनी टोपली थोडी बाजूला सरकवली. "खोट कोणाची, मले माहीत नाही. पण हिची आहे असं लोकं म्हणत राहिले, आन मी म्हणू देलं."

किसनरावांसारखा माणूसही हातातलं संत्रं नुसतं फिरवत राहिला.

मी आत गेले. मोठी आई शेगडीसमोर उभी होती, हातात साखरेचा डबा, चहा उकळून वर आलेला. डोळे भरलेले होते आणि तोंडावर हसू होतं, आणि त्या दोन्हींचं काय करावं हे तिला कळत नव्हतं.

"वनू, साखर टाकली काय मी?"

"टाकली, मोठी आई."

"हाव?" म्हणाली, आणि तिनं आणखी दोन चमचे टाकले.

चहा इतका गोड झाला की पहिल्या घोटाला किसनरावांनी तोंड वाकडं केलं. मोठ्या बाबांनी मात्र बशीत ओतून ओतून सगळा संपवला, रिकामा कप तिच्यापुढं धरला आणि वर न पाहता विचारलं, "अजून आहे का?"